हलूनको मावशी आणि मास्तरांचा गुडघा

मुलांच्या इस्पितळात एम.आर.आय. काढायचं काम ज्या बाई करायच्या, त्यांना लहानमोठे सगळे हलूनको मावशी म्हणत. हे नाव मुलांनीच पाडलेलं. पोर यंत्राच्या बोगद्यात आडवं झालं की काचेपलीकडून माइकवर बाईंचा आवाज सुरू व्हायचा, "हलू नको हं राजा. नाकाला खाज आली तरी हलू नको. माशी बसली तरी हलू नको. आत माशी नाहीच आहे, पण बसली तरी हलू नको." पोरं बाहेर येऊन आईला सांगायची, त्या हलूनको मावशींनी मला गोष्ट सांगितली. मी त्याच विभागात रिपोर्ट टाइप करायला होतो. माझं टेबल आणि बाईंची खोली यांच्यात एक पातळ दार होतं. त्यामुळे त्या गोष्टी पोरांच्या आधी माझ्या पाठ झालेल्या असायच्या.

दुसऱ्यांना हलू नका म्हणणाऱ्या या बाईंना स्वतःला मात्र बूड टेकून बसणं जमत नसे. उभ्याने चहा, उभ्याने फोन, आणि फोनवर बोलताना व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या. त्यांच्या लग्नाचा फोटो मी पाहिला आहे. नवरदेव अगदी स्वच्छ, मिशीचा केस न् केस मोजता येईल असा. त्याच्या शेजारी नटवलेला धूर. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका खुर्चीत बसणारा शांत माणूस. ते म्हणायचे, "आमच्या घरात लंबक एकच आहे, आणि तो घड्याळात नाही."

अशा बाईला या कामावर कुणी नेमलं? कुणीच नाही. बाई मुळात एक्स-रे काढायच्या. तिथे एक श्वास रोखला की काम झालं, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. मग हे नवीन यंत्र आलं. त्यात पोरांना अर्धाअर्धा तास निपचित पडावं लागतं, वरून यंत्र लोहाराच्या दुकानासारखं ठोकत राहतं. ते शिकायला कोण तयार, असं मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा बाकीचे सगळे बुटाच्या टोकाकडे बघत होते. बाईंनाच तेवढं एका जागी बघत राहणं जमलं नाही. त्यांनी मान वर केली आणि काम गळ्यात पडलं.

पहिले काही महिने हाल झाले. पोरं रडत आत जायची, किंचाळत बाहेर यायची. फोटो असे यायचे की गुडघा आहे की फ्लॉवरचा गड्डा, ते सांगणं अवघड. 'रुग्णाच्या हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट' हे वाक्य माझी बोटं डोळे मिटून टाइप करायला लागली. मग एके दिवशी बाईंनी कुठूनतरी फ्रिजचं भलंमोठं खोकं आणलं, दोन्ही बाजूंनी कापलं, त्यावर खिडक्या आणि चंद्र रंगवला आणि बाहेर बसायच्या खोलीत आडवं ठेवलं. हे खोटं यंत्र. पोर आधी यात झोपायचं. बाई पत्र्याच्या डब्यावर चमच्याने ठकठक करायच्या आणि खऱ्या यंत्राचे आवाज ओळखीचे करून द्यायच्या. "हा सुतार आला बघ. ही शेजारीण, भिंतीत खिळा ठोकतेय, तिला दुसरं काम नाही. आणि हा भोंगा, हा कशाचा ते मलाही माहीत नाही." खोक्यात हसलेली पोरं खऱ्या यंत्रात रडेनाशी झाली. माझं ते वाक्य हळूहळू टायपिंगमधून गेलं.

एवढं यश मिळाल्यावर माणसाला थोडी मिजास येतेच. बाईंना ती एका बाबतीत आली. त्या म्हणायच्या, "नाटकी पोर मी दारातून ओळखते." परीक्षेच्या दिवशीची पोटदुखी, नावडत्या भाजीच्या वेळची उलटी, यांत त्या कधी चुकल्या नव्हत्या हेही खरं. त्यामुळे ती मुलगी आली तेव्हा बाईंनी दारातूनच निकाल लावून टाकला.

मुलगी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजोबा. आजोबा म्हणजे निवृत्त कवायत मास्तर. पाठ फूटपट्टीसारखी ताठ, पायात पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी. खोलीत शिरताच त्यांनी आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की मी नकळत पाठ सरळ केली. मुलगी डावा पाय जपत जपत टाकत होती.

"काय झालंय हो हिला?" बाईंनी विचारलं.

आईने तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "काही झालेलं नाही. सकाळी शाळेच्या वेळेला लंगडते आणि दुपारी खेळायच्या वेळेला हरणासारखी पळते. आता तुम्हीच काय ते समजा."

"हं," बाई म्हणाल्या. त्या एका 'हं'मध्ये सगळा निवाडा होता. मास्तरांनाही आपल्या बाजूचं माणूस भेटल्याचं समाधान झालं.

आईने मग खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. पायमोजे घालताना तिच्या हाताला मुलीचा गुडघा गरम लागला होता. एका बाजूने फुगलेलाही वाटला. घरात बोलाबोली झाली, एक्स-रे काढला, त्यात हाडं अगदी ठीक निघाली. मास्तरांनी तो एक्स-रे खिडकीला चिकटवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नातीला घराभोवती फेऱ्या मारायला लावल्या. पाय आळसावलाय, मोकळा होईल, असं त्यांचं निदान. आई मूग गिळून गप्प बसली, आणि एक दिवस मास्तर बाहेर गेलेले बघून मुलीला आमच्याकडच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. (मास्तरांना हे नंतर कळलं, म्हणून आज ते जातीने हजर होते.) डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून, वाकवून, तिला चालायला लावून पाहिलं. त्या म्हणाल्या, सांध्याच्या आत सूज असावी असं मला वाटतंय. एक्स-रेत हाड दिसतं, आतलं अस्तर दिसत नाही. हा फोटो काढून खात्री करू. झोपेचं औषध देऊनही काढता येईल, पण जागेपणी जमलं तर उत्तम.

"जमेल की," बाई म्हणाल्या. "न जमायला काय झालं? आजोबा, ती शिट्टी काढा."

"ही पितळी आहे. हिला चुंबक धरत नाही."

"आत कुठलाच धातू न्यायचा नाही. पितळी असो की सोन्याची."

"चाळीस वर्षं ही गळ्यातून उतरलेली नाही."

"मग तुम्ही बाहेर बसा. शिट्टीला सोबत होईल."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मास्तरांकडे बघितलं. आयुष्यभर हुकूम सोडलेली दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की खोलीतली हवा जरा कमी होते. शेवटी मास्तरांनी शिट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि मला बजावलं, "वाजवू नका." मी वाजवणार होतो असं त्यांना का वाटलं, कोण जाणे.

बाईंनी मुलीला खोक्याकडे नेलं. "चल राणी, आत झोपून बघ. बघ कसा चंद्र आहे."

मुलगी नुसती खाली फरशीवर बसली.

"अगं ऊठ ना."

"आधी आजोबा," मुलगी म्हणाली.

आईने समजावलं, बाईंनी डबा वाजवून दाखवला, सुतार झाला, शेजारीण झाली. मुलीचं एकच म्हणणं, आधी आजोबा. मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "ठीक आहे. त्यात काय एवढं? सैनिकाला आडवं व्हायला काय लागतं? बघ हं, बाळ." त्यांनी बूट काढून शेजारी शेजारी ठेवले, गुडघे वाकवून खाली बसले, बसताना जरासं थांबले, आणि मग डोकं आधी घालून खोक्यात सरपटत गेले.

खरं सांगायचं तर माणूस झोपला मात्र झकास. बाईंनी डबा बडवला, भोंगा केला, मध्येच चमचा हातातून निसटून फरशीवर पडला. मास्तरांचा एक केसही हलला नाही. बाईंना असं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नव्हतं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "शाब्बास. झालं, मास्तर. या बाहेर."

आतून काही हालचाल नाही.

"मास्तर?"

"मी इथेच आहे."

"या ना मग."

"येतो. घाई काय आहे?"

आम्ही थांबलो. खोक्यातून दोन पांढरे पायमोजे बाहेर दिसत होते, तेही सावधानमध्ये. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "इथे तसं बरं आहे. तुम्ही तुमची कामं करा."

त्यांची सून, म्हणजे मुलीची आई, घाबरली. "बाबा, काय होतंय? चक्कर येतेय का?"

"काही होत नाहीये."

मुलगी गुडघा धरत उठली, खोक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, आत डोकावली आणि आम्हाला म्हणाली, "त्यांचा गुडघा अडकलाय. सकाळी रोज अडकतो. मग ते बाथरूमला कडी लावतात आणि नळ सोडतात, म्हणजे ओरडलेलं ऐकू जात नाही."

सून सासऱ्यांच्या पायमोज्यांकडे बघत राहिली. बाथरूममध्ये रोज सकाळी एवढं पाणी कशाला जातं यावरून त्या घरात बरेच वाद झाले असावेत, असं तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

मग आम्ही खटपट केली. आधी बाईंनी पाय धरून ओढून बघितलं. आतून मास्तर म्हणाले, "नको." मग मी खांद्याकडून ढकलून बघितलं. मास्तर म्हणाले, "अजिबात नको." शेवटी मी टेबलावरची कात्री आणली आणि बाईंनी स्वतःच्या हाताने ते खोकं उभं चिरलं. चंद्राचे दोन तुकडे झाले. मास्तरांना धरून खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांचा चेहरा लालभडक होता आणि एक पाय अजूनही पुढे ताठ होता. कुणाला हसू आवरत नव्हतं आणि हसायची कुणाची छाती होत नव्हती. बाई भिंतीकडे तोंड करून उगाच दिव्याचं बटण पुसत होत्या.

मुलगी आजोबांच्या जवळ गेली. तिने अगदी मनापासून विचारलं, "आजोबा, तुम्ही पण नाटक करता?"

मास्तरांनी ताठलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाही गं. खरंच दुखतं."

"मग माझं पण नाटक नाही," मुलगी म्हणाली. बाजू मांडून झाल्यासारखी ती बाईंकडे वळली. "चला, मी झोपते."

खऱ्या यंत्रात ती अशी पडून राहिली की काय सांगू. हाताला सुई टोचली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले, पण हात हलवला नाही. बाईंनी काचेमागे उभं राहून नेहमीप्रमाणे गोष्ट सुरू केली. पहिले फोटो आले. मग सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध सोडलं आणि पुढचे फोटो पडद्यावर उमटायला लागले. मी दाराआड टाइप करत होतो. अचानक मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पलीकडचा आवाज बंद झाला होता. इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं, म्हणून मी उठून आत गेलो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. पडद्यावर दोन गुडघे होते आणि डाव्याच्या आतून जाड, झगझगीत कड दिसत होती. बाईंनी असे फोटो आधी पुष्कळ पाहिले होते. निदान सांगणं त्यांचं काम नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नाही. त्या फक्त बघत होत्या.

स्पीकरमधून मुलीचा आवाज आला, "मावशी, तुम्ही गेलात का?"

"नाही गं राणी, इथेच आहे," बाई म्हणाल्या. "हलू नको." पण गोष्टीतल्या शेजारणीचं पुढे काय झालं ते त्यांना आठवेना. त्यांनी दुसरीच गोष्ट सुरू केली.

फोटो वाचणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट सांगितला, मी टाइप केला, आणि डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना पडद्यासमोर बसवलं. बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचं तिथे काही काम नव्हतं.

"हे हाड," डॉक्टर म्हणाल्या. "हाड छान आहे, एक्स-रेत दिसलं तसंच. आता ही कड बघा. सांध्याला आतून पातळ अस्तर असतं, कोटाला असतं तसं. ते सुजून जाड झालंय. सुजलेल्या जागी रक्त जास्त जातं, म्हणून औषध तिथे गोळा होऊन चमकतंय. हे काळं दिसतंय ते आत साठलेलं पाणी. उजव्या गुडघ्यातही सुरुवात आहे. मी तपासलं तेव्हा मला शंका होती, रक्ताच्या तपासण्याही पाहिल्या, आता या फोटोने सगळं जुळलं. हा मुलांचा संधिवात आहे."

"मुलांना संधिवात?" मास्तर म्हणाले. "तो तर आमच्या वयाचा आजार."

"तुमचा वेगळा. तुमची बहुतेक झीज आहे. ऐकलं मी खोक्याचं." डॉक्टर गालातल्या गालात हसल्या. "हिचा आजार मुलांचाच आहे. रात्रभर पाय एका जागी राहिला की सांधा आखडतो, म्हणून सकाळी लंगडते. हालचाल झाली की सैल होतो, म्हणून दुपारी पळते."

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "मी हिला फेऱ्या मारायला लावत होतो."

"त्याने आजार झालेला नाही. पण तिला दुखत असणार."

"ती बोलली नाही कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" सून म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांना ती पहिल्यांदाच असं बोलली असावी, कारण बोलून झाल्यावर तीच दचकली. मास्तर मात्र रागावले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

डॉक्टरांनी पुढचं समजावलं. भूल देऊन गुडघ्यात इंजेक्शन, आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाणं, आणि डोळ्यांची नियमित तपासणी. या आजारात डोळ्यांना आतून सूज येऊ शकते आणि ती मुलांना कळत नाही. लवकर सापडलंय, पुष्कळ मुलं छान होतात, असंही त्या म्हणाल्या. आईने पदराने डोळे पुसले. मुलीला यातलं फक्त इंजेक्शन ऐकू गेलं होतं.

निघताना बाईंनी मुलीला थांबवलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, म्हणजे तिच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या, आणि म्हणाल्या, "मला आधी वाटलं होतं, तू शाळा चुकवतेस."

"चुकवली होती ना," मुलगी म्हणाली. "एकदा. खोटंखोटं लंगडून. पण तेव्हा दुसरा पाय होता."

बाई उठल्या आणि कपाटात नसलेली एक वस्तू शोधायला लागल्या.

त्या दिवसापासून दारातून निकाल लावणं बंद झालं. पोटदुखी परीक्षेच्या दिवशी आली तरी बाई आता पोट कुठे दुखतं ते आधी विचारत. सवय जुनी असल्यामुळे 'हं' मात्र तोंडून निघायचा. मग त्या घाईघाईने पुढे म्हणत, "हं, म्हणजे बघू या." नवीन खोकं आलं तेव्हा ते आधीच्यापेक्षा चांगलं हातभर रुंद होतं. यजमानांनी विचारलं, "मुलं मोठी व्हायला लागली का?" बाई म्हणाल्या, "नाही. आजोबा यायला लागले."

मुलीचं पुढे सरळ रेषेत झालं असं नाही. इंजेक्शननंतर गुडघा उतरला, मग हिवाळ्यात पुन्हा फुगला, औषध बदललं. आठवड्याच्या औषधाचा तिला इतका तिटकारा होता की बाटली दिसली की ती पलंगाखाली जायची. पलंगाखाली जाण्याइतका गुडघा वाकतोय याचा आईला आनंद व्हायचा आणि रागही यायचा. मास्तरांनी आपल्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, पण तो खिडकीला लावला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई दोघांना एकाच चटईवर बसवायच्या. नात आजोबांना हुकूम द्यायची, "पाय वर. धरा. धरा. श्वास सोडा, मास्तर, श्वास सोडायला काय लागतं?" आणि मास्तर श्वास सोडायचे. घरी सकाळी आता दोघांची गरम पाण्याची बादली एकदमच भरायची. बाथरूमला कडी लागत नसे आणि कण्हणं सगळ्या घराला ऐकू येत असे.

वर्षभराने पुन्हा फोटो काढायचं ठरलं. मुलीचे पुढचे दात आले होते. ती स्वतःच पलंगावर चढून आडवी झाली. मास्तर काचेमागे बाईंच्या शेजारी बसले. बाईंनी गोष्ट सुरू केली. कुण्या एका बाईचा नवरा पाहुण्यांना कंटाळून स्वतःच्याच घरात कपाटात लपून बसतो, पाहुणे मात्र मुक्कामालाच थांबतात, अशी काहीतरी ती होती. निम्मी गोष्ट झाल्यावर बाईंनी विचारलं, "ऐकतेयस ना राणी?"

स्पीकरमधून घोरण्याचा बारीक आवाज आला. खरं तर एवढ्या ठोकाठोकीत कुणी झोपू शकतं यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

"झोपली," बाई म्हणाल्या आणि माइक बंद केला. पडद्यावर फोटो येत होते. गुडघ्यातली ती झगझगीत कड आता शोधावी लागत होती. मास्तरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत जरा सैल होऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला.

"बाई," ते म्हणाले, "तो माणूस कपाटातून बाहेर आला का?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"वेळ आहे म्हणून विचारलं."

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पाहुणे जेवायला बसले तिथून पुढे सांगायला सुरुवात केली.